मोटार कारखान्यांतले जुने फोटो: स्कॅन करायचे कसे, लोकांपुढे ठेवायचे कसे

जुन्या मोटार कारखान्यांच्या निगेटिव्ह चाळताना एक दृश्य अनेकदा भेटतं. नवीकोरी गाडी आवारात उभी आहे, तिच्यामागे दोन कामगार पांढरी चादर ताणून धरून उभे आहेत, चादरीच्या वर त्यांच्या टोप्या आणि खाली बूट दिसताहेत. कॅटलॉगात छापलेल्या फोटोत मात्र यातलं काहीच नसतं; गाडी कोऱ्या पांढऱ्यावर एकटी उभी असते. मधल्या काळात कारखान्यातल्या कुणीतरी बारीक ब्रशने गाडीच्या कडेकडेने निगेटिव्हवर अपारदर्शक लालसर रंग लावून मागचं सगळं झाकून टाकलेलं असतं.

कारखान्याचा फोटो हा असा कामाचा कागद होता. कॅटलॉगासाठी, पेटंटच्या अर्जासाठी, कोचबिल्डरला, म्हणजे गाडीची बॉडी बनवणाऱ्याला, दाखवायला, तुटलेल्या अॅक्सलचा पुरावा म्हणून तो काढला जाई. त्याला क्रमांक असे, तो एखाद्या वहीत नोंदलेला असे, पाकिटावर शिक्का असे. आज डिजिटायझेशन करताना बहुतेक लोक गाडी तेवढी कापून घेतात आणि बाकीचं सोडून देतात. माझा आग्रह नेमका उलटा आहे. गाडी कुठली ते जाणकार चार दिवसांत ओळखतील, पण पाकीट फेकून दिलंत तर फोटो कधीचा आणि कशासाठी काढला हे कुणालाच सांगता येणार नाही.

हात लावण्याआधी

खोकं उघडलं की आधी ते जसं आहे तसं मोबाइलवर टिपून ठेवा. वरून एक फोटो, प्रत्येक थराचा एक, लेबलांचे वेगळे. मग बाहेरून आत मोजदाद करा: किती पाकिटं, किती काचेच्या निगेटिव्ह (प्लेट), किती फिल्म, किती प्रिंट, किती अल्बम. ब्रँडनुसार किंवा मॉडेलनुसार लावून ठेवायचा मोह इथेच होतो. तो आवरा. निगेटिव्ह ज्या क्रमाने ठेवल्या आहेत तो क्रम बऱ्याचदा काढण्याचा क्रम असतो. क्रमांक ४७१२ वर तारीख नसेल, पण ४७०९ आणि ४७१५ वर असेल, तर मधल्या निगेटिव्हची तारीख जवळजवळ हातात आल्यासारखीच आहे. गाड्यांच्या नावाने ढीग केलेत की हा धागा तुटतो. नावानुसार शोध घेणं पुढे तक्त्यात एका क्लिकवर होतं. त्यासाठी खोकी हलवायची गरज नाही.

निगेटिव्हची वही किंवा रजिस्टर सापडलं तर सगळ्यात आधी ते स्कॅन करा, फोटोंच्याही आधी, पानन्‌पान, कोरी पानंसुद्धा.

कुठली फिल्म आहे ते आधी ओळखा

काच ओळखायला अवघड नाही. फिल्मच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं, कारण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायट्रेटच्या आधारावरची फिल्म बनत होती आणि ती भयंकर ज्वलनशील असते. पेटली तर जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याने विझत नाही. कडेवर ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असे इंग्रजी शब्द छापलेले आहेत का बघा. कोडॅकच्या १९४९ पूर्वीच्या सुट्या फिल्मवर कोपऱ्यात कापलेल्या खाचांचा संकेतही असतो: कडेकडून पहिली खाच टोकदार असेल तर नायट्रेट, गोलसर असेल तर सेफ्टी. पिवळी पडलेली, चिकट झालेली, बुडबुडे आलेली किंवा उग्र वास मारणारी नायट्रेट फिल्म घरात ठेवू नका आणि पोस्टाने तर पाठवूच नका. जवळच्या अभिलेखागाराशी किंवा अग्निशमन दलाशी बोला. चांगल्या स्थितीतली असेल तर तीच आधी स्कॅन करा, प्रकाशाच्या पाटीवर तापत ठेवू नका, आणि बाकीच्या संग्रहापासून वेगळी, थंड जागी ठेवा.

सेफ्टी म्हणजे सुरक्षित, हेही अर्धंच खरं. अॅसिटेटची, म्हणजे सेफ्टी फिल्म सहज पेटत नाही, पण कुजते. पाकीट उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती प्रक्रिया सुरू झाली आहे असं समजा. पुढे आधार आकसतो, त्यावरचा चित्राचा थर, म्हणजे इमल्शन, तेवढा आकसत नाही, आणि चित्रावर नाल्यांसारख्या सुरकुत्या उठतात. ही क्रिया उलटी फिरवता येत नाही. थंडीत ठेवून फक्त लांबवता येते. म्हणून स्कॅनिंगची रांग लावताना ‘सुंदर फोटो आधी’ असं न करता ‘वास येणारे आधी’ असं करा.

हाताळणी

काचेला सुती हातमोजे नकोत, घसरतात. नायट्राइलचे घाला. प्लेट दोन्ही हातांनी कडेला धरा, टेबलावर जाडसर कापड अंथरा. काचा लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. तडकलेल्या तेवढ्या आडव्या, प्रत्येक तुकडा वेगळ्या खणात.

साफसफाईत जितकं कमी कराल तितकं बरं. हवेच्या रबरी पंपाने धूळ उडवा, फार तर मऊ ब्रश. काचेची गुळगुळीत बाजू किंचित ओलसर, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसता येते. इमल्शनच्या, म्हणजे मंद दिसणाऱ्या बाजूला पाणी लावायचं नाही. सुरुवातीला सांगितलेला तो लालसर रंग बहुधा तिथेच असतो आणि बऱ्याचदा पाण्यात विरघळतो. एक ओला बोळा फिरवलात की कारखान्यातल्या रिटचरचं काम वाहून गेलं. तो रंग हा डाग नाही, फोटो छापायला कसा तयार केला याचा पुरावा आहे. सेलोटेपच्या पट्ट्या ओढू नका. गुंडाळी झालेला प्रिंट बळेच सपाट करू नका, कडा तडकतात.

स्कॅनर की कॅमेरा?

सुटे प्रिंट आणि मोठ्या निगेटिव्ह थोड्या असतील तर खालून-वरून प्रकाश देणारा फ्लॅटबेड स्कॅनर पुरेसा आहे. खोक्यावर छापलेल्या रिझोल्यूशनवर विसंबू नका. प्रत्यक्षात मिळणारा तपशील त्याहून बराच कमी असतो. आठ बाय दहा इंची प्लेटला त्याने काही बिघडत नाही, पण ३५ मिमी फिल्मला बिघडतं.

संख्या शेकड्यांत असेल, किंवा बांधलेले अल्बम असतील, तर कॅमेराच वापरावा असं माझं मत. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो लेन्स, उभा कॉपी स्टँड, एकसारखा उजेड देणारी पाटी. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ च्या आसपास, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल, शटर केबलने किंवा टायमरने. मोठ्या प्लेटचा सगळा तपशील एका फ्रेममध्ये मावत नसेल तर चार तुकड्यांत टिपून जोडता येतो. निगेटिव्हभोवती उरलेली पाटी काळ्या कार्डाने झाका, नाहीतर कडेचा उजेड लेन्समध्ये शिरून कॉन्ट्रास्ट घटतो.

कॅमेरा पायाला तंतोतंत समांतर आहे की नाही हे स्पिरिट लेव्हलपेक्षा आरशाने चांगलं कळतं. निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यभागी आलं की कॅमेरा सरळ. इकडे-तिकडे सरकलेलं दिसलं तर तितका कल आहे. गाड्यांच्या फोटोत याचं महत्त्व जास्त, कारण चाकं गोल असतात आणि डोळ्याला लंबगोल चाक लगेच खुपतं.

जुन्या प्रिंटच्या कडांवर निळसर चंदेरी चकाकी आली असेल तर फ्लॅटबेडच्या उजेडात ती पांढऱ्या धुक्यासारखी उमटते. तिथे कॅमेरा, दोन बाजूंनी दिवे, दिव्यांवर ध्रुवीकरण फिल्टर आणि लेन्सवर काटकोनात दुसरा, असं केलं की चकाकी जवळजवळ जाते.

आकडे

लांब बाजूला किती पिक्सेल हवेत ते आधी ठरवा, पीपीआय (दर इंचाला किती पिक्सेल) त्यावरून काढा. निगेटिव्हसाठी मी सहा ते आठ हजार धरतो. आठ बाय दहा इंची प्लेटला ८०० पीपीआय म्हणजे ८,००० पिक्सेल. पाच बाय सात इंचीला १,२००. पस्तीस मिमी फ्रेमला ४,००० पीपीआय दिले तरी ५,६०० च्या आसपासच येतात, तिथे थांबावं लागतं. प्रिंटला ६०० पीपीआय पुरे. कागदावर त्याहून जास्त तपशील क्वचितच असतो.

काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला १६ बिट ग्रेस्केल घ्या. प्रिंट मात्र काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन करा: तपकिरी छटा, जांभळा शिक्का, लाल पेन्सिलीने आखलेली कापण्याची रेष, हे सगळं ग्रेस्केलमध्ये हरवतं. शेजारी छोटी मोजपट्टी आणि राखाडी-रंगीत तपासणीचं कार्ड ठेवा. ऑटो लेव्हल्स, शार्पनिंग, धूळ काढणारी सोय, सगळं बंद. इन्फ्रारेडने धूळ ओळखणारी सोय तर काळ्या-पांढऱ्या फिल्मवर मुळात चालतच नाही, कारण चित्रातली चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं.

आठ बाय दहाची एक १६ बिट ग्रेस्केल टिफ फाइल सुमारे १०० एमबी होते, म्हणजे हजार प्लेटना १०० जीबी. डिस्क घेताना हा हिशोब धरा.

फ्रेम निगेटिव्हच्या बाहेर थोडी मोकळी जागा ठेवून घ्या. क्रमांक बहुधा कडेलाच कोरलेला किंवा शाईने लिहिलेला असतो. प्रिंटची मागची बाजूही घ्या, आणि पाकिटाची पुढची-मागची. एका फोटोच्या चार फाइली होतात, काम वाढतं. वाढू द्या.

उलटा फोटो

निगेटिव्ह चुकीच्या बाजूने स्कॅन झाली की गाडी आरशातली होते, आणि ती चूक वर्षानुवर्षं फिरत राहते. स्टीअरिंगच्या बाजूवरून खात्री करू नका. बुगाटी आणि लान्सिया या कंपन्या उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांतल्या असूनही कितीतरी वर्षं उजव्या हाताच्या स्टीअरिंगच्या गाड्या बनवत होत्या. ‘अरे, हे उलटं झालं’ म्हणून असा फोटो फिरवणारे पुष्कळ भेटतात. त्याऐवजी लिखाण बघा: नंबरप्लेट, भिंतीवरच्या पाट्या, टायरवरचं नाव. लिखाण नसेल तर माणसं बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, बटणं त्यांच्या स्वतःच्या उजवीकडे असतात. निगेटिव्हवर शाईने लिहिलेला क्रमांक मात्र काही वेळा मुद्दाम उलटा लिहिलेला असतो, म्हणून त्या एकावर भिस्त नको.

मूळ फाइल आणि कामाची प्रत

स्कॅन झालेली टिफ म्हणजे मास्टर. तिला पुन्हा हात लावायचा नाही, फोल्डर ‘फक्त वाचन’ करून टाका. पॉझिटिव्ह करणं, सरळ करणं, कॉन्ट्रास्ट, ओरखडे, हे सगळं दुसऱ्या प्रतीवर. तिसरी, सुमारे ३,००० पिक्सेलची जेपेग लोकांना देण्यासाठी.

फाइलचं नाव रोमन लिपीत, जागा न सोडता: संग्रहाची छोटी खूण, खोक्याचा क्रमांक, मूळ निगेटिव्हचा क्रमांक चार-पाच आकडी शून्यांसह, शेवटी पुढची बाजू की मागची. गाडीचं नाव फाइलच्या नावात नको. ओळख उद्या बदलेल, क्रमांक बदलणार नाही.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. प्रत्येक मास्टरचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून यादीत ठेवा आणि वर्षातून एकदा पुन्हा जुळवून बघा. फाइल उघडते म्हणजे ती शाबूत आहे असं नाही.

एआयने रंग भरणं आणि मोठं करणं याबद्दल मी थोडा कडवा आहे. धूसर नंबरप्लेटवर सॉफ्टवेअर जे आकडे ‘स्पष्ट’ करून दाखवतं ते त्याने बनवलेले असतात, आणि चासिसचा, म्हणजे गाडीच्या क्रमांकित सांगाड्याचा, इतिहास शोधणाऱ्याला असे आकडे विषासारखे. हौस म्हणून करायचंच असेल तर चित्रावरच तसं लिहा आणि मूळ फोटो शेजारी द्या.

नोंद कशी लिहायची

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जावा. एक साधी स्प्रेडशीट घ्या. मूळ मथळा जसाच्या तसा, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांसह, एका रकान्यात. तुमचं वाचन दुसऱ्या रकान्यात. ते कशावरून ठरवलं हे तिसऱ्यात, आणि किती खात्री आहे हे चौथ्यात. हे चार रकाने कधीही एकत्र करू नका. मूळ मथळा चुकीचा असला तरी तो पुरावा आहे.

एक नमुना घेऊ. कारखान्याच्या अंगणात फोर्ड मॉडेल टी उभी आहे, तारीख नाही. रेडिएटरचं कवच पितळी आहे. फोर्डने १९१७ च्या मॉडेलपासून ते काळं केलं, म्हणजे गाडी त्याआधीची. पुढचे दिवे गॅसचे नसून विजेचे आहेत. ते १९१५ च्या मॉडेलपासून आले. तेव्हा नोंद होते: ‘१९१५ ते १९१६ च्या सुमाराची गाडी, रेडिएटर व दिव्यांवरून.’ गाडीची, फोटोची नव्हे. दुरुस्तीला आलेली दहा वर्षं जुनी गाडीही कारखान्यात उभी राहते. फोटोची तारीख ठरवायची तर निगेटिव्ह क्रमांक, मागे दिसणारी इमारत, शेजारची दुसरी गाडी बघावी लागते. नेमकी तारीख नसेल तर कालावधी लिहा, अंदाजाला ‘~’ आणि शंकेला ‘?’ ही खूण लावा. या खुणा तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या, आयएसओ ८६०१ च्या, २०१९ मधल्या दुसऱ्या भागात आल्या आहेत आणि अनेक अभिलेखागारं त्या वापरतात.

कधीकधी निगेटिव्ह स्वतःच नक्कल असते. चित्राच्या बाहेर प्रिंटची कड, टाचणी किंवा टाचणीची सावली दिसली तर तो फोटोचा काढलेला फोटो आहे. मग निगेटिव्हवरची तारीख नक्कल केल्याची.

रंगाबद्दल लिहिताना जपून. १९२० च्या दशकात सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळेपर्यंत सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक इमल्शनला लाल रंग दिसत नसे. लाल गाडी त्यावर काळीभोर उमटते, निळा रंग मात्र फिकट पडतो. ‘फोटोत काळी आहे’ यावरून गाडी काळ्या रंगात रंगवून घेणारे रिस्टोरर आहेत. मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे हेसुद्धा १९१४ ते १९२५ पुरतंच खरं. नोंदीत ‘गडद’ किंवा ‘फिकट’ एवढंच लिहावं.

शेवटी यातली महत्त्वाची माहिती फाइलच्या पोटातही भरा: वर्णन, तारीख, संग्रह, हक्क. त्यासाठी आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या संघटनेने ठरवलेले रकाने आहेत आणि ‘एक्झिफटूल’ हे मोफत साधन स्प्रेडशीटवरून शेकडो फाइलींत ते एकदम भरतं.

हक्क कुणाचा?

खोकं तुमचं आहे म्हणून फोटोचा कॉपीराइट तुमचा होत नाही. कंपनीच्या पगारी छायाचित्रकाराने काढला असेल तर हक्क बहुधा कंपनीचा. बाहेरच्या स्टुडिओकडून काढून घेतला असेल तर करार बघावा लागतो, म्हणून मागच्या बाजूचा स्टुडिओचा शिक्का सोन्याचा. कंपन्या विकल्या गेल्या, तुकडे झाले. ट्रायम्फ मोटारींचं नाव आज बीएमडब्ल्यूकडे आहे, पण ट्रायम्फ ज्यात होती त्या ब्रिटिश लेलँडमधल्या बऱ्याच कंपन्यांची कागदपत्रं इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे. स्टुडबेकर या अमेरिकी कंपनीने १९६६ मध्ये गाड्या बनवणं थांबवलं. तिची कागदपत्रं साउथ बेंडच्या संग्रहालयात आहेत. नाव, कागद आणि हक्क तीन ठिकाणी असू शकतात. आधी पत्र लिहा; अशी संग्रहालयं बहुधा मदत करतात, आणि कधीकधी तुमच्याकडे नसलेली वही त्यांच्याकडे निघते.

मुदत देशागणिक वेगळी. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे फोटोला किमान २५ वर्षं, बहुतेक देश त्याहून बरीच जास्त देतात. अमेरिकेत एक खाच आहे जी कारखान्यांच्या निगेटिव्हना नेमकी लागू पडते: जुन्या प्रसिद्ध झालेल्या फोटोला प्रसिद्धीपासून जास्तीत जास्त ९५ वर्षं, पण कंपनीच्या नोकराने काढलेला आणि कधीच प्रसिद्ध न झालेला फोटो काढल्यापासून १२० वर्षं संरक्षित. कॅटलॉगात छापलेला १९२५ चा फोटो मोकळा झाला, त्याच दिवशी काढलेली आणि फडताळात पडून राहिलेली शेजारची निगेटिव्ह २०४५ संपेपर्यंत नाही. म्हणून ‘कुठे छापला होता का’ हाही एक रकाना ठेवा.

नुसत्या स्कॅनने नवा कॉपीराइट मिळत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात, सपाट चित्राच्या हुबेहूब छायाचित्राला स्वतंत्र कॉपीराइट नाही, असं म्हटलं. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात मुक्त झालेल्या दृश्यकलाकृतींच्या प्रतिकृतींबद्दल तेच धोरण घेतलं. मेहनत तुमची, श्रेय मागा, पण मालकीचा दावा टाळा.

लोकांपुढे ठेवताना

कुठे ठेवायचं हे हक्कावरून ठरतं. मुक्त असलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकणं मला सगळ्यात पटतं: मोठी फाइल चालते, नोंद शोधता येते, दुरुस्ती कुणी केली ते इतिहासात दिसतं. इंटरनेट अर्काइव्ह अख्ख्या अल्बमसाठी किंवा रजिस्टरसाठी सोयीचं. फ्लिकरच्या ‘कॉमन्स’ विभागात २००८ पासून संस्था आपले संग्रह ठेवत आल्या आहेत. वैयक्तिक संग्राहकाला तिथे जागा नाही, पण नोंदी कशा लिहाव्यात हे बघायला जरूर जा. हक्क संशयास्पद असतील तर लहान आकाराची प्रत आणि पूर्ण नोंद द्या, मास्टर स्वतःकडे ठेवा.

गाडीवर आडवा वॉटरमार्क नको. ज्याला रिव्हेट मोजायचे आहेत त्याच्या तो नेमका आड येतो, आणि चोरणारा काढून टाकतोच. त्याऐवजी चित्राखाली बारीक पट्टी जोडा: संग्रहाचं नाव आणि निगेटिव्ह क्रमांक. समाजमाध्यमं फाइलच्या पोटातली माहिती बऱ्याचदा खरवडून टाकतात. पट्टी चित्राबरोबर राहते. कापलेला देखणा फोटो टाकायचा तर टाका, पण दुवा पूर्ण प्लेटचा द्या, त्या चादर धरणाऱ्यांसकट.

प्रत्येक ब्रँडच्या क्लबात चासिस नंबरांच्या वह्या सांभाळणारी माणसं असतात. फोटो टाकल्यावर त्यांना थेट कळवा. दुरुस्त्या येतील, काही एकमेकींच्या विरोधी येतील. कुणी, कधी, कशाच्या आधारावर सुचवलं ते नोंदवा, आधार भक्कम असेल तर तुमच्या वाचनाचा रकाना बदला, जुनं वाचन तारखेसह खाली राहू द्या. कामगारांची नावं कळवणारे नातेवाईकही येतात. ते नाव जाहीर नोंदीत चालेल का, हे त्यांना विचारूनच घाला.

स्कॅन झालेल्या प्लेटा आम्लमुक्त चार घड्यांच्या पाकिटांत, थंड आणि कोरड्या जागी, पहिल्या दिवशी टिपलेल्या फोटोतल्याच क्रमाने परत ठेवा. जुनं पाकीट शेजारी वेगळ्या पिशवीत, त्यावर तोच क्रमांक पेन्सिलीने.